टॅग कापू नका

जगात विकत घेतलेली वस्तू असं काही नसतंच, फक्त दुकानातून चार दिवस राहायला आलेली वस्तू असते, असं मनापासून मानणारी एकच व्यक्ती अख्ख्या ठाणे जिल्ह्यात आहे आणि देवाच्या कृपेने ती माझी नणंद आहे. नौपाड्यात वन्संचा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे आणि त्यात गेलं की आपण घरात आहोत की गोदामात, असा प्रश्न पडतो. टीव्हीच्या रिमोटवर प्लास्टिक, सोफ्यावर प्लास्टिक, फ्रिजच्या दारावर कंपनीचे स्टिकर तसेच. दिवाणाच्या पोटात मिक्सरचं खोकं, इस्त्रीचं खोकं, त्या खोक्यांतलं थर्माकोल आणि ते थर्माकोल ज्या पिशवीतून आलं ती पिशवी. नवीन चपला तर त्या पहिला आठवडा फक्त पलंगावर घालतात. एकदा मी दुपारी अचानक गेले तर वन्सं पलंगावर उभ्या राहून या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत फेऱ्या मारत होत्या. मला बघून जराही ओशाळल्या नाहीत. "अंगठा दाबतोय," म्हणाल्या, "तळवा मळायच्या आत कळलेलं बरं." त्या चपला संध्याकाळी दुकानात परत गेल्या.

लग्न त्यांनी केलं नाही. मी नवी नवी सून होते तेव्हा माझ्या भाबडेपणात मी एकदा विचारलं होतं, "वन्सं, तुम्ही लग्न का नाही हो केलंत?" त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "परत करायची सोय नसलेली वस्तू मी घेत नाही." हे ऐकून माझे यजमान, म्हणजे त्यांचे सख्खे धाकटे भाऊ, वर्तमानपत्राआड गेले ते जेवायच्या हाकेपर्यंत बाहेर आले नाहीत.

त्याच महिन्यात वन्संनी मला शिकवायलाही घेतलं. आहेरात लेमन सेट इतके आलेले की आल्यागेल्याला सरबत दिलं असतं तरी निम्मे खोक्यातच राहिले असते. खोक्यांवर दुकानाचे शिक्के होते. वन्संनी मला हिरव्या चुड्यासकट उचललं, दोन लेमन सेट माझ्या हातात दिले आणि दुकानासमोर आणून सोडलं. "बोलायचं तू," म्हणाल्या, आणि स्वतः समोरच्या फुटपाथवर दुकानाकडे पाठ करून उभ्या राहिल्या. ही त्यांची पद्धत. मी काउंटरपाशी गेले, दुकानदार म्हणाला, "बोला वहिनी," आणि माझ्या तोंडातून जे निघालं ते असं : "यातला अजून एक आहे का?" तीन सेट घेऊन मी बाहेर आले. वन्संनी मान मागे वळवून बघितलं, मोजलं, आणि घरच्या वाटेला लागल्या. आजही मला काही परत करता येत नाही. डोंबिवलीला माझ्या घरी मापात न बसलेल्या वस्तूंचं एक कपाटच आहे आणि पाहुणे आले की मी त्याला कुलूप लावते.

पण कुणी वन्संना लबाड समजाल तर पाप लागेल. त्यांचे नियम कडक आहेत. बिल हवं, टॅग हवा, पिशवी हवी, आणि वापरलेली वस्तू परत करायची नाही, मग ती कितीही फसलेली असो. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे खोटं कारण सांगायचं नाही. दुकानदार विचारतो, "काय खराबी आहे ताई?" वन्सं सांगतात, "काही नाही. उत्तम आहे. मला नको." तो म्हणतो, "रंग जातो का? शिवण उसवली का?" वन्सं म्हणतात, "छे हो. उत्तम आहे. मला नको." आणि काउंटरपासून तसूभर बाजूला होत नाहीत. माणसाला भांडण समजतं, रडणं समजतं, "सासूबाईंना आवडली नाही" हे तर फारच समजतं. पण एक बाई शांतपणे "उत्तम आहे, मला नको" म्हणते आणि तिथेच उभी राहते, याचं काय करायचं हे नौपाड्यातल्या भल्याभल्या दुकानदारांना आजतागायत समजलेलं नाही. एका साडीवाल्याने वैतागून पाटी लावली, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. वन्संनी चष्मा लावून ती पाटी नीट वाचली आणि विचारलं, "यावर सही कुणाची आहे?" त्या साध्या माणसाने दुसऱ्या दिवशी पाटीवर खरोखर सही केली. तेव्हा वन्सं म्हणाल्या, "हां, म्हणजे तुम्हालाच विचारायचं ना? मग घ्या ही साडी." आता ते साडीवाले त्यांना बघितलं की आधी खुर्ची देतात, मग पाणी देतात, मग विचारतात, "आज काय?"

आता अशा बाईला विद्यापीठाने मुलींना नेतृत्व शिकवायला बोलावलं, यात चूक कुणाची ते तुम्हीच ठरवा.

झालं असं, की वन्सं ज्या महिला विद्यापीठातून पदवीधर झाल्या, तिथे माजी विद्यार्थिनींनी आताच्या मुलींना हाताशी धरून मार्गदर्शन करायचं अशी योजना निघाली. दर वर्षी एकेका माजी विद्यार्थिनीच्या वाट्याला पाच-सहा मुली. वन्सं एकेकाळी तिथल्या विद्यार्थिनी परिषदेच्या अध्यक्षा, पुढे आयुष्यभर एका मोठ्या कचेरीत नोकरी, शिवाय निवृत्त आणि रिकाम्या. त्यांना आग्रहाचं बोलावणं आलं. बाकीच्या बायका पडद्यावर चित्रं दाखवायच्या, आत्मविश्वास, संवादकौशल्य, ध्येय वगैरे. वन्सं पहिल्याच दिवशी कापडी पिशवी घेऊन गेल्या. त्यातून एक कुकरची रिंग, एक बरणी, एक टॉवेल, अशा वस्तू काढून त्यांनी मुलींना एकेक वाटली, सोबत बिल दिलं आणि म्हणाल्या, "पुढच्या शनिवारपर्यंत परत करून या." मुलींना वाटलं, आजींचं काहीतरी बिनसलंय. एकीने भीत भीत विचारलं, "मॅडम, याचा लीडरशिपशी काय संबंध?" वन्सं म्हणाल्या, "पहिलं म्हणजे मॅडम म्हणू नकोस, मॅडम म्हटलं की भाजीवालासुद्धा भाव वाढवतो. मावशी म्हण. आणि दुसरं, उद्या तुला साहेब म्हणेल, अजून एवढं काम कर. घरचे म्हणतील, नोकरी सोड. तेव्हा तू कारणं शोधत बसशील. डोकं दुखतंय, बाळ लहान आहे, गाडी चुकली. बाईने नको म्हटलं की तिला कारण विचारतात. त्याची सवय आत्ता मोड, टॉवेल स्वस्त आहे."

आणि बघता बघता मुली तयार झाल्या की हो. विठ्ठलवाडीच्या एका मुलीने टॉवेल परत केला, मग ड्रेस परत केला, मग नापसंत क्लासची भरलेली फी परत आणली. वार्षिक परीक्षा वन्संनी स्टेशनबाहेरच्या अशा एका बाजारात ठेवलेली, जिथे परत घेण्याची पद्धत तर नाहीच, पण बिल मागितलं तरी लोक हसतात. तिथूनही पोरी पास होऊन आल्या. दर शनिवारी नौपाड्याच्या घरी मुली जमायच्या, प्लास्टिकवर बसल्या की सोफा करकरायचा, वन्सं चिवडा द्यायच्या आणि एकेकीला उभं करून "बोल, काय झालं?" विचारायच्या. शुक्रवारी संध्याकाळी फोन केला तर म्हणायच्या, "साडीला इस्त्री करतेय, उद्या मुली येणार." एकदा मला म्हणाल्या, "या मुली नसत्या तर गं मी काय केलं असतं? दुकानं तरी किती फिरायची?" वन्सं असं कधी बोलत नाहीत, म्हणून माझ्या लक्षात राहिलं.

एकच मुलगी नापास होत राहिली. प्रणाली, दिवा स्टेशनजवळ राहणारी. अभ्यासात हुशार, पण आवाज असा की शेजारी बसलेल्यालाही ती पलीकडच्या खोलीतून बोलतेय असं वाटावं. ती कुकरची रिंग परत करायला गेली आणि रिंग अधिक एक छत्री घेऊन आली. छत्री परत करायला गेली, छत्री अधिक पायपुसणं. "मी बोललेली ना मावशी," ती सांगायची, "पण ते काका एकटेच बसलेले. गिऱ्हाईकच नव्हतं. मला कसंतरी झालं." वन्सं कपाळाला हात लावायच्या. मी मात्र शनिवारी तिथे असले की तिला हळूच चिवडा जास्त वाढायचे, कारण माझं कपाट मला ठाऊक होतं.

मग वर्षाचा समारोप आला आणि घोटाळा झाला. विद्यापीठाने कुणी बडे समाजसेवक प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलेले. सकाळचा कार्यक्रम, पाहुण्यांचा पत्ता नाही. मुली ताटकळल्या, समई विझली, परत लावली, परत विझली. शेवटी योजनेच्या समन्वयक बाईंनी कार्यक्रम उरकला, मुली जेवायला बसल्या आणि अगदी मठ्ठा वाढायच्या वेळी पाहुण्यांची गाडी फाटकाशी आली. फाटकावर स्वागताला होती ती विठ्ठलवाडीची मुलगी. तिने हात जोडले, गुलाबाचं फूलही दिलं, आणि अदबीने म्हणाली, "सर, आपण उत्तम आहात. पण आता आम्हाला नको." पाहुण्यांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. त्यांनी विचारलं, "काय अडचण आहे बेटा?" ती म्हणाली, "काही नाही सर. आपण खरंच उत्तम आहात. आम्हाला नको." आणि फाटकापासून हलली नाही. पाहुणे फूल घेऊन गेले.

वन्संना हे कळलं तेव्हा त्यांनी त्या मुलीला जवळ बोलावून आपल्या ताटातली जिलबी दिली, आणि ती समन्वयक बाईंनी बघितली.

पुढच्या महिन्यात वन्संना विद्यापीठातून फोन, तुमचा सत्कार करायचा आहे. वन्सं हरखल्या. ठेवणीतली नारायणपेठ काढली, मला मुद्दाम डोंबिवलीहून बोलावून घेतलं. छोटासा कार्यक्रम, शाल, श्रीफळ, सगळं रीतसर. समन्वयक बाई फार गोड बोलल्या. वन्संचं योगदान, वन्संचा उत्साह, आणि मग म्हणाल्या, "मावशींनी आता विश्रांती घ्यावी. यापुढे मार्गदर्शन मोबाइलच्या ॲपवरून होईल." टाळ्या वाजल्या. आपल्याकडे माणसाला घरी पाठवायचं असलं की आधी शाल घालतात, हे मला तेव्हा टाळ्या वाजवता वाजवता समजलं आणि माझे हात तिथेच थांबले. मी वन्संकडे बघितलं. मला खात्री होती, आता त्या म्हणणार, शाल उत्तम आहे, मला नको. पण त्या हसल्या, थँक्यू म्हणाल्या आणि शाल सावरत खाली उतरल्या. पिशवीसुद्धा मागितली नाही.

पुढचा शनिवार आला, मुली आल्या नाहीत, कारण त्यांना येऊ नका असा निरोप गेलेला. मी मात्र गेले. सत्काराचा नारळ वन्संनी मला दिलेला, त्याच्या वड्या केलेल्या, त्याच घेऊन गेले. म्हटलं, तेवढंच गोड. बघते तर दारात प्रणाली. "निरोप मिळाला," ती म्हणाली, "पण मी आली." आत वन्सं हॉलमध्ये भिंतीकडे तोंड करून बसलेल्या. त्या भिंतीवर एक बंद पडलेलं घड्याळ आहे. सगळ्या घरात प्लास्टिक नसलेली ती एकच वस्तू. त्यात सेल घालू देत नाहीत, काढूही देत नाहीत, विचारलं तर "असू दे" म्हणतात. शाल मांडीवर होती आणि तिच्या कोपऱ्याला टॅग लोंबत होता. मला बघून म्हणाल्या, "कात्री दे गं. टॅग कापून टाकू. थंडीत होईल."

वन्संच्या तोंडून हे वाक्य ऐकून मला जे वाटलं ते सांगते, मला भीती वाटली. डॉक्टरांनी आत बोलावून दार लावून घेतल्यावर वाटते ना, तशी. मी स्वयंपाकघरात जाऊन कात्री शोधण्याचं नाटक केलं. कात्री डोळ्यासमोर खिळ्याला टांगलेली होती.

"मावशी, टॅग कापू नका."

मी बाहेर आले. हा आवाज कुणाचा ते मला पटकन समजलं नाही. प्रणालीने शाल वन्संच्या मांडीवरून उचललेली होती आणि ती तिची घडी घालत होती. "पिशवी नाहीये," ती म्हणाली, "पण टॅग आहे. आणि तुम्ही ही घरी एकदाही पांघरली नाही ना? मग वापरलेली नाही." वन्सं म्हणाल्या, "सत्कार परत करत नाहीत गं बाळ." प्रणाली म्हणाली, "तुम्ही असा नियम कधी बोलला नाहीत." मग ती माझ्याकडे वळली. "काकू, नारळ कुठाय?" मी वड्यांच्या डब्याकडे बघितलं. तिनेही बघितलं. आम्ही कोपऱ्यावरून नवीन नारळ घेतला.

सोमवारी आम्ही दोघी विद्यापीठात गेलो. "तुम्ही फक्त बाहेर उभ्या राहा, तिकडे तोंड करून," प्रणाली म्हणाली. मी पाठ केली, पण कान आतच होते आणि मान अधूनमधून मागे वळत होती. समन्वयक बाईंच्या टेबलावर तिने शाल ठेवली, नारळ ठेवला आणि म्हणाली, "मॅडम, हे परत करायचंय. शाल तीच आहे. नारळ दुसरा आहे, पहिल्याच्या वड्या झाल्या." बाई म्हणाल्या, "अगं, सत्कार कसा परत घेणार? शालीत काही खराबी आहे का?"

"काही नाही. उत्तम आहे. आम्हाला नको."

"मग हवंय तरी काय?"

"मावशी."

बाईंनी फायली इकडच्या तिकडे केल्याचा आवाज आला. पोरगी आता एखादी छत्री घेऊन बाहेर येणार असं वाटलं. मागे दाखले न्यायला आलेल्या मुलींची रांग लागली. कुणीतरी म्हणालं, "जरा साइडला हो ना." प्रणाली साइडला झाली नाही. बाई म्हणाल्या, मला वर विचारावं लागेल. ती म्हणाली, "विचारा, मी थांबते." बाई वर जाऊन आल्या, पाणी प्यायल्या, शाल उलटीसुलटी करून बघितली आणि शेवटी कपाटात ठेवली. मावशींना परत घेऊ म्हणाल्या, अट एकच घातली, की या मुलींची ड्युटी यापुढे कधीही फाटकावर लावायची नाही. प्रणाली बाहेर आली तेव्हा तिच्या हातात विद्यापीठाची एक दिनदर्शिका होती. "मॅडमचा चेहरा एवढुसा झालेला," ती म्हणाली, "त्यांनी दिली, मी घेतली." मी म्हटलं, घेतलीस ते बरं केलंस. रिक्षात मी तिचा हात धरून बसले होते. मला रडू येत होतं आणि हसूही.

वन्संनी सगळं ऐकून घेतलं. "पोचपावती घेतलीस?" एवढंच विचारलं. मग उठून चिवड्याचा डबा काढला आणि आमच्याकडे पाठ करून बराच वेळ त्याचं झाकण उघडत बसल्या. प्रणाली भिंतीकडे बघत होती. "मावशी, हे घड्याळ कुठून आणलेलं?"

मला आजवर न मिळालेलं उत्तर तिला मिळालं. वन्सं म्हणाल्या, "आणलेलं नाही. मिळालेलं. आमच्या कचेरीच्या शाखेची जबाबदारी माझ्याकडे यायची होती. मी ज्याला काम शिकवलं, त्याच्याकडे गेली. आणि मला वाईट वाटू नये म्हणून सगळ्यांसमोर बोलावून हे दिलं. मी हसले, थँक्यू म्हणाले, घरी घेऊन आले. परत करायला हवं होतं गं. रोज वाटायचं, उद्या जाईन. मग ती कचेरीच हलली. आता तिथे टॉवर झालाय."

इतकी वर्षं मी या घरात येतेय, त्या घड्याळाखाली बसून चहा पितेय. अख्खं नौपाडं परत करणाऱ्या माझ्या वन्संनी ती एक गोष्ट रोज डोळ्यासमोर ठेवली होती, आणि मी आपली म्हणायचे, बंद घड्याळ घरात बरं नाही. प्रणालीने विचार केला. "बिल होतं का त्याचं?"

"बिल कुठलं?"

"मग नसतंच घेतलं त्यांनी परत," ती म्हणाली. "ठेवा आता."

वन्सं तिच्याकडे बघत राहिल्या आणि अशा हसल्या, की सोफा करकरायला लागला. मी त्यांना तसं हसताना याआधी बघितलेलं नव्हतं. मग त्यांनीच स्टुलावर चढून घड्याळ उतरवलं, धूळ पुसली आणि प्रणालीला खालच्या घड्याळवाल्याकडे सेल आणायला पाठवलं. तिने आणलेला सेल घातला तर काटा जागचा हलेना. टीव्हीच्या रिमोटमधला सेल काढून घातला तर टिकटिक सुरू. म्हणजे घड्याळ धडधाकट होतं, नवा सेलच मेलेला. तो बदलून आणायला हवा होता. मी वन्संकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. प्रणालीने सेल पाकिटात घातला, पाकीट पिशवीत घातलं, बिल घेतलं आणि चपला चढवून खाली उतरली.

एरवी वन्सं समोरच्या फुटपाथवर जाऊन उभ्या राहिल्या असत्या. या वेळी गेल्या नाहीत. घड्याळ मांडीवर घेऊन बसून राहिल्या.

"चहा टाक," थोड्या वेळाने म्हणाल्या. "तिला वेळ लागेल. तो घड्याळवाला फार वाद घालतो." मी आधण ठेवलं, आलं किसलं. बाहेरून परत त्यांचा आवाज आला.

"घालू दे."